सूतभर

बातमी आली की इंजिन सहा सिलिंडरचं.
कुणी आणली ते विचारू नका.
कुपवाडच्या एमआयडीसीत लेथ थांबतात त्या वेळी
ती नेमगोंडाच्या टपरीवर पोचली,
आणि पाच कप चहा गार झाला.

"सहा? सरळ का व्ही?"
इलाही मुजावरनं असं विचारलं,
जसं दवाखान्याच्या दारात विचारतात,
किती किलोचं झालं.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर चार झाले,
जोडीला बॅटरी.
धनपाल मगदूम हळदीच्या पेढीवर पोती मोजतो,
पिवळी बोटं घेऊनच झोपतो.
तो म्हणाला, "म्हणजे भडंगात साखर घातल्यागत झालं की."
त्या रात्री तो जेवला नाही, असं त्याची बायको सांगते.
मग सांगते, उपास होता.

घोडे तीनशे होते, चारशे झाले,
गुरुवारी परत साडेतीनशेवर आले.
जपानात काय चाललंय कुणास ठाऊक,
इथं रोज कुणीतरी तबेल्यात डोकावून येत होतं.

गिअर हातानं टाकायचे की आपोआप पडणारे,
यावर भूपाल मिस्त्री बोलले नाहीत.
चाळीस वर्षं क्लचप्लेटा बदलल्या त्यांनी.
फक्त बाकड्याखाली त्यांचा डावा पाय
हळूच दाबला गेला
आणि सावकाश सुटला.

किंमत कुणी काढली नाही.
आम्हा पाचजणांत मिळून तीन दुचाक्या, एक टेम्पो
आणि अर्धी जीप, उरलेली अर्धी मेव्हण्याची.

मग आली खरी वाईट बातमी:
गाडीचं पोट जमिनीपासून
फक्त चार इंच तीन सूत.

सगळे एकदम रस्त्याकडं बघायला लागले.
टपरीपुढं, शाळेच्या अलीकडं, तो पडलेला होता,
रंग उडालेला,
डांबर उरलं म्हणून घातल्यासारखा स्पीड ब्रेकर.

रात्री साडेदहाला वर्दळ सरली.
रेश्मा नदाफ कारखान्यात पार्ट पास-नापास करते,
तिनं रस्त्यातच बसकण मारली.
इलाहीनं दोरी ताणून धरली, धनपालनं मोबाईलचा उजेड.
"पाच इंच सहा सूत."
दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं नाही.
तिसऱ्यांदा मोजणारा, ती म्हणते,
आपल्याला हवा तो आकडा शोधत असतो.

अडकणार.
जिला दारं किती ते ठरलेलं नाही,
नाव नाही, रंग नाही, मी रंगारी, मला तेच आधी हवं होतं,
ती गाडी कुपवाड रोडला आमच्या डोळ्यांदेखत
पोटावर अडकून पडली होती
आणि मागून ट्रकवाला हॉर्न दाबत होता.

"तिरकी घ्यायची,"
भूपाल मिस्त्री म्हणाले. दिवसभरातलं पहिलं वाक्य.
"एक चाक आधी, मग दुसरं. पहिल्या गिअरात. क्लच अर्धा."
म्हणजे गिअरचा प्रश्न
त्यांच्यापुरता कधीच सुटला होता.

तरी धनपालनं महापालिकेत अर्ज दिला.
कारण या रकान्यात काय लिहावं ते कळेना,
म्हणून लिहिलं, पाहुणे येणार आहेत.

पुढं हंगाम लागला.
माधवनगरकडं उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस जायला लागल्या,
दोन-दोन जोडून, चाकं दबलेली, करकरत.
गेल्या आठवड्यात रेश्मा कुणाला न सांगता मोजून आली.
पाच इंच पाच सूत.

"हंगामाला एक सूत," इलाही बोटांवर मोजायला लागला,
"राहिले दहा."
नेमगोंडानं कप विसळले.
"दहा तर दहा. टपरी काय कुठं जात नाही."

काल परत बातमी आली.
गाडी लांबणीवर पडली, कधी येईल सांगता येत नाही.
इलाहीनं सगळ्यांना चहा सांगितला,
जास्त आल्याचा,
आणि पहिल्यांदाच तो कुणी गार होऊ दिला नाही.